सरांचा स्टँडर्ड लॅम्प आणि माझी वीस मिनिटं

ऐका, हे मला आत्ताच सांगायचंय. आत्ता म्हणजे आत्ता, फैजपूरची गाडी लागायच्या आत. कारण घरी पोचले की आई ताट वाढेल, बाबा नोकरीचं विचारतील आणि मी परत गप्प बसेन. दोन वर्षं तशीच बसलेय. जळगावच्या स्टँडवर बसून मोबाईलवर टाईप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

झालं असं की येत्या शनिवारी आमचे सर रिटायर होतायत. इलेक्ट्रिकलचे. आमच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, प्रत्येकाने सरांवर दोन-दोन ओळी लिहा, आपण छापून देऊ. झालं, पाऊस सुरू. 'सर म्हणजे चालतं-बोलतं थर्मामीटर.' 'सरांनी माझ्या लग्नात नवरदेवाकडे नाही, लाईटिंगच्या माळेकडे बघितलं.' इथपर्यंत ठीक, खरंच होतं ते. मग एकाने लिहिलं, 'आणि तो जगप्रसिद्ध शोध विसरलात का, जळगावच्या उन्हात एलईडी तरुण होते!' त्यावर हसणारी तोंडं किती आली ते मी मोजलं नाही. मोबाईल उलटा ठेवला. कारण तो शोध सरांचा नव्हता. ती चूक माझी होती. आणि हे आजपर्यंत फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि नानांना. नाना म्हणजे आमच्या लॅबचे अटेंडंट, धुळ्याकडच्या खेड्यातले.

पण आधी सर कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला काहीच कळणार नाही.

सर वर्गात आले की पहिलं काम, ट्यूबलाईट बंद. सगळ्या. "दिसतंय ना? मग कशाला जाळायच्या?" मग खिशातून थर्मामीटर काढून खिडकीत लटकवायचे आणि फळ्याच्या कोपऱ्यात तापमान लिहायचे. तारीख नाही लिहायचे, तापमान लिहायचे. आमच्या वह्यांमध्ये तारखेच्या जागी बेचाळीस, चव्वेचाळीस असलंच काहीतरी आहे. एकदा एका मुलाने विचारलं, सर, परीक्षेला तापमान विचारणार का? सर म्हणाले, "परीक्षेला नाही साहेब. आयुष्यभर विचारणार."

सगळ्यांना 'साहेब' म्हणायचे. मुलांना साहेब, मुलींना साहेब, नानांनाही साहेब. जर्नल अर्धवट असलं की "साहेब, बाकीचं काय पुढच्या जन्मी?" ओरडायचे कधीच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं.

कुठलाही बल्ब दिसला की मागून हात लावायचे, तोही पंजा नाही, मनगटाची आतली बाजू. आई पोराचा ताप बघते तसं. हॉटेलात, बँकेत, दवाखान्यात. नवी पेठेतल्या बल्बवाल्या शेठकडे दर शनिवारी जायचे आणि गिऱ्हाइकांनी परत आणलेले मेलेले बल्ब खोकंभर घेऊन यायचे. शेठ मारवाडी, एकदम खुशमिजाज माणूस. "प्रोफेसरसाब, ये लो, आपकी हफ्ते की मयत!" सर ते बल्ब फोडून, सोलून टेबलावर मांडायचे आणि एकेकाचं पोस्टमॉर्टेम. "ही बघा साहेब, एलईडी जिवंत आहे. मेला तो हिचा ड्रायव्हर, हिला वीज पुरवणारं सर्किट. आणि या दुसरीला मात्र उष्णतेने मारलं. हिच्या पाठीला गरमी बाहेर पडायला जागाच ठेवलेली नाही." असं हळहळून बोलायचे की आम्हाला खरोखर कुणी गेल्यासारखं वाटायचं. हसायचो, पण बाहेर आल्यावर.

खरं तर सर बल्ब फोडायला आलेच नव्हते इथे. त्यांनी पीएचडी केली ती एलईडीच्या आतला तो चिमुकला स्फटिक वाढवण्यावर. निळा उजेड ज्यातून येतो तो सेमीकंडक्टर. बाहेरच्या एखाद्या मोठ्या लॅबमध्ये राहिले असते तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण आमच्या कॉलेजने त्यांना शब्द दिला होता, या, तुमच्यासाठी स्फटिक वाढवायचं मशीन घेतो. सर आले. खोली मिळाली, दारावर पाटी मिळाली, 'सेमीकंडक्टर ग्रोथ लॅब', तेल-रंगात लिहिलेली. मशीन आलं नाही. आम्ही शिकायला गेलो तेव्हा त्या खोलीत परीक्षेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, छतापर्यंत. पाटी तशीच. सर त्या दारावरून रोज जायचे आणि एकदाही तिकडे मान वळवायचे नाहीत, हे मी चार वर्षं बघितलंय.

एकदा मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत? तेव्हा म्हणाले, "वाढवायला मिळालं नाही. मग ठरवलं, मरताना तरी नीट बघू. कुणीतरी बघायला पाहिजे."

म्हणजे काय, तर गच्चीवर पत्र्याची पेटी. आत ॲल्युमिनियमच्या पाटावर चाळीस एलईडी, नंबर टाकलेल्या, दिवस-रात्र चालू. कंपन्या आपले दिवे एसी खोलीत तपासतात आणि खोक्यावर छापतात, इतके हजार तास चालेल. सर म्हणायचे, "आपल्याकडे बल्ब एसीत राहतो का? सावद्याच्या पत्र्याच्या घरात राहतो. मे महिन्यात त्या पत्र्याखाली त्याचं काय होतं, हे कुणी मोजलंय? आपण मोजू." लाईट गेली तर बॅटरी, बॅटरी संपत आली तर सर स्वतः धापा टाकत दुसरी वर न्यायचे. दर गुरुवारी पाट खाली आणायचा, थंड होऊ द्यायचा आणि काळ्या पडद्याच्या खोलीत एकेक एलईडी किती मंद झाली ते मोजायचं. ते पडदे काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, जुन्या छत्र्यांच्या कापडाचे शिवले होते. असे किती गुरुवार! मी शाळेत होते तेव्हापासून चालू होतं ते. सरांना एवढंच हवं होतं, रिटायर व्हायच्या आधी हे पूर्ण करून छापायचं. खान्देशच्या उन्हातला एलईडीचा पहिला नीट हिशोब. बाकी त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं आणि स्टाफरूमलाही.

आता स्टँडर्ड लॅम्प. इथे जरा लक्ष द्या, सगळं त्याच्यावर आहे.

मंद झाली म्हणजे कशाच्या मानाने मंद? मोजायचा मीटरही चुकतो, म्हातारा होतो. म्हणून एक दिवा असतो, साधाच, तारेचा, पण दिल्लीच्या मोठ्या प्रयोगशाळेने तपासून दिलेला. ठरलेला करंट दिला की तो ठरलेला उजेड देतो. दर गुरुवारी आधी तो लावायचा, मीटर त्याच्याशी जुळवायचा, लगेच बंद करायचा, मग एलईडी. तो दिवा लावावा तितका झिजतो. म्हणून तो लावायचाच नाही, अगदी लागला तरच. सर रजिस्टरमध्ये लिहायचे, चालू नऊ चाळीस, बंद नऊ शेहेचाळीस, सही. एका स्टीलच्या डब्यात, मलमलच्या फडक्यात गुंडाळून, कपाटात. नाना म्हणायचे, "हाई सरनी बाळंतीन शे. वारा लागाले नको, उजेड लागाले नको."

असा एकच होता. दुसऱ्यासाठी सरांनी अर्ज केला तर ऑफिसने लिहून पाठवलं, नियमाप्रमाणे तीन दुकानांची कोटेशन जोडा. असा दिवा तीन दुकानांत मिळत नाही हो! सरांनी शेवटी वैतागून शेठकडूनच कोटेशन आणलं, त्याने प्रामाणिकपणे लिहून दिलं, 'सदर दिवा आमच्याकडे नाही, कधी नव्हता.' ऑफिसने तो कागद फाईलला लावला आणि विचारलं, उरलेली दोन कुठायत?

मी फायनल इयरला सरांकडे प्रोजेक्ट घेतला. कुणी घेत नव्हतं म्हणून मिळाला, खोटं कशाला बोलू. पण मग मला आवडायला लागलं. गुरुवारची वाट बघायला लागले. रजिस्टरमध्ये सरांच्या सहीखाली माझी सही असायची. मला वाटायचं, मी पण काहीतरी आहे.

आणि एप्रिलमध्ये कमिटी आली. कॉलेजला शेरा देणारी. आठवडाभर आधीपासून नुसती पळापळ, कुंड्या, रांगोळ्या, बंद पडलेल्या मशीनवर नवे स्टिकर. सर नेमके त्या दिवशी धुळ्याला, प्रॅक्टिकलचे एक्स्टर्नल म्हणून. मला वाटतं मुद्दामच गेले. कपाटाची चावी माझ्याकडे.

विभागप्रमुख मॅडम सकाळी लॅबमध्ये डोकावल्या आणि कपाळावर हात मारला. "अगं, कमिटीला काय काळे पडदे दाखवू का? अंधारकोठडी वाटतेय! काहीतरी लखलखीत लाव ना मध्ये."

आणि मी, मी हुशार! माझ्या डोक्यात आलं, सरांच्या लॅबमधली सगळ्यात भारी वस्तू कोणती? डबा काढला. फडकं सोडलं. दिवा मधोमध स्टँडवर लावला. सरांचा तो करंट धरून ठेवणारा सप्लाय जड, टेबलाला बोल्ट केलेला, तो काही हलेना. म्हणून डिमरस्टॅट ओढून आणला, आमच्या लॅबमध्ये व्होल्टेज कमी-जास्त करायचे ते गोल मुठीचे ढिगाने पडलेले असतात, आणि मूठ फिरवत गेले. पिवळा. अजून जरा. अजून जरा. मस्त पांढरा झाला तेव्हा थांबले. सव्वाबारा वाजले होते.

कमिटी आली. एका साहेबांनी विचारलं, हे काय? मी घडाघडा सांगितलं, सर, हा आमचा प्रमाण दिवा, सगळं मोजमाप याच्यावर चालतं. वा वा झालं. त्याच्याभोवती उभं राहून फोटो झाला. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग सगळे जेवायला. आणि जेवण काय, तर पानात वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, कमिटीसाठी खास. मॅडम म्हणाल्या, तू पण चल. मी गेले. वाढायला मदत केली, जेवले, परत भरीत घेतलं. दिवा माझ्या डोक्यातून साफ गेला.

आठवला तेव्हा धावत आले. दिवा बंद होता. नाना खाली बसून हातावर फुंकर घालत होते. "तीन वाजता मी उना तवय चालूच व्हता. काच इतली गरम की हात पोळना मना."

सव्वाबारा ते तीन. पावणेतीन तास. सहा महिन्यांत जेवढा लावत नसू तेवढा.

मी दिवा गार होऊ दिला, पुसला, फडक्यात गुंडाळला, डब्यात ठेवला. रजिस्टरमध्ये काहीच लिहिलं नाही. नाना बघत होते.

सरांना कळलं ते फोटोमुळे. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर तो मोठा करून लावला होता. गुरुवारी सर लॅबमध्ये आले, थर्मामीटर खिशातच, तापमान लिहिलं नाही. "साहेब, दिवा कोणी लावला?"

"मी, सर." हे मी खरं सांगितलं. एवढं तरी.

"किती मिनिटं?"

आता मला सांगा, काय झालं असतं पावणेतीन तास म्हटलं असतं तर? फाशी दिली असती का? पण मला त्यांच्याकडून शिफारसपत्र हवं होतं. आणि त्याहून जास्त म्हणजे, त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं असतं ती मला नको होती. तोंडातून निघून गेलं, "वीस."

"करंट?"

"तुमच्याच सप्लायवर सर, तुमच्याच सेटिंगवर."

सरांचा चेहरा सैल झाला. अक्षरशः दिसला मला सैल होताना. "मग ठीक. वीस मिनिटांनी काही मरत नाही." रजिस्टरमध्ये त्यांनी स्वतः लिहिलं, वीस मिनिटं, प्रदर्शनासाठी, आणि पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली. मग दिवा खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले. "काच जरा धुरकट वाटते का, साहेब? का माझा चष्मा?"

"चष्मा असेल सर."

त्या दिवशी सगळ्या चाळीसच्या चाळीस एलईडींचं रीडिंग वर आलं. साधं आहे ना? दिवा मंद झालेला, आम्ही त्याला पूर्वीइतकाच धरतोय, म्हणजे त्याच्यासमोर बाकी सगळं उजळ दिसणार. सरांना शंका आली नाही असं नाही. तीनदा मोजलं. पुढच्या गुरुवारी परत. मला बाजूला घेऊन विचारलं, "वीसच ना, साहेब?"

"वीसच, सर."

मग त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर. आणि एकदा माझ्यावर विश्वास ठेवल्यावर त्यांना दुसरं कारण शोधावं लागलं. त्याच पंधरवड्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला होता. सर कागदावर कागद भरत सुटले. सेमीकंडक्टरमध्ये असं होतं कधीकधी, उष्णतेने आतले काही दोष बसतात, उजेड थोडा वाढतो. नव्या एलईडीत झालेलं लोकांनी बघितलं होतं, जुन्यात नाही. "सगळ्या एकदम वर आल्या. का? कारण सगळ्यांवर ऊन एकच!"

मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. सकाळी फाफडा-जिलेबी घेऊन आले, नानांना स्वतःच्या हाताने दिली. स्टाफरूममध्ये जाऊन बसायला लागले, जिथे ते कधी बसत नसत. मला म्हणाले, "इतकी वर्षं या उन्हाला शिव्या दिल्या साहेब. मशीन नाही, माणसं नाहीत, नुसतं ऊन. आणि बघा, शेवटी उन्हानेच दिलं." त्या उत्तरपत्रिकांच्या खोलीपुढे थांबून त्यांनी पाटीवरची धूळ पुसली रुमालाने. मी मागे उभी होते. सांगायचं तर तेव्हा सांगायला हवं होतं. त्यांच्या हातात रुमाल होता आणि ते गुणगुणत होते.

पेपर छापून आला. चांगल्या ठिकाणी. सरांचं नाव आणि खाली माझं. त्या नावावर मला पुण्यात लायटिंगच्या कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत त्यावरच प्रश्न विचारले. मी छान उत्तरं दिली.

पुढचं मला नानांकडून तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दक्षिणेकडच्या एका लॅबने सरांना लिहिलं, आम्ही करून बघितलं, आमच्याकडे असं होत नाही, तुमचा प्रमाण दिवा तपासून घ्या. साधं, सभ्य पत्र. सरांनी दिवा मांडीवर घेऊन दिल्ली गाठली. अहवाल आला, दिवा पूर्वीसारखा राहिलेला नाही, बराच उतरलाय. सरांनी त्याच आठवड्यात पेपर मागे घेतला. मी ती चार ओळींची सूचना वाचलीय, तोंडपाठ आहे. प्रमाण दिव्याच्या वापराची नोंद सदोष होती. त्यामुळे निष्कर्ष टिकत नाही. चूक सर्वस्वी प्रमुख लेखकाची आहे. सहलेखिकेचा यात काहीही दोष नाही.

ती शेवटची ओळ कुणी मागितली नव्हती हो.

सरांनी मला फोन केला नाही. एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, कळलं असेल त्यांना. नानांना विचारलं तर म्हणाले, "सरले मी काही सांगं नही. तू सांगशी आसं वाटनं माले." आणि सर? "सर म्हनतस, मनाच हिशोब चुकना. वय व्हयनं." म्हणजे सरांना वाटत होतं, कुठल्यातरी गुरुवारी त्यांनीच दिवा चालू ठेवला असेल आणि विसरले असतील. स्वतःवरचा भरवसा गेला माणसाचा. गुरुवार बंद केले त्यांनी. कॉलेजला तेच हवं होतं, मागे घेतलेल्या पेपरची लॅब कशाला ठेवायची. तिथे आता स्टार्टअपवाल्यांचं इनक्युबेशन सेंटर आहे, काचेचं दार, बीनबॅग. "बठ्ठं लई ग्यात बैन," नाना फोनवर म्हणाले, म्हणजे सगळं घेऊन गेले. "पत्रानी पेटी भंगारमा दिधी."

तेव्हाही मी बोलले नाही. ऑफिसात होते, मीटिंग होती, 'नाना, नंतर करते' म्हटलं.

म्हणून आज गेले. ग्रुपवरची ती हसणारी तोंडं बघून सुट्टी टाकली आणि गेले. मेहरूणच्या तलावाकडून आत तिसरी गल्ली. काकूंनी दार उघडलं. "अगं बाई! पुण्याहून? ये ये, दमली असशील." सर आतल्या खोलीत शेजारच्या कुणाचातरी बल्ब दुरुस्त करत होते. वाळलेत खूप. "या साहेब! कंपनी काय म्हणते? गरमी बाहेर पडायला जागा ठेवता की नाही बल्बमध्ये?"

मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच बोलले. "सर, तो दिवा वीस मिनिटं नव्हता चालू. पावणेतीन तास होता. आणि तुमच्या सप्लायवर नव्हता, डिमरस्टॅटवर होता. मी खोटं बोलले."

काकू पाण्याचा पेला घेऊन दारात तशाच थांबल्या.

मला वाटलं सर आता रडतील किंवा हाकलून देतील. पण त्यांनी काय केलं सांगू? टेबलावरचा कागद उलटा केला आणि पेन्सिल घेतली. डोळ्यात एकदम काहीतरी आलं. "डिमरस्टॅट कितीवर होता?"

"सर..."

"आकडा, साहेब, आकडा! मुठीखाली चकती असते, तिच्यावर लिहिलेलं असतं. तास आहेत, व्होल्टेज मिळालं तर तो किती झिजला ते काढता येईल. दिल्लीच्या अहवालाशी जुळवून बघू. जुळलं तर सगळी झीज त्या एका दिवसाची, आणि आधीचे सगळे गुरुवार परत उभे राहतील. कितीवर होता?"

"आठवत नाही, सर."

"साधारण?"

"मी चकती बघितलीच नाही. नुसती मूठ फिरवली. पांढरा दिसेपर्यंत."

"पांढरा म्हणजे किती पांढरा? ट्यूबसारखा?"

"बहुतेक."

"बहुतेक," सर म्हणाले. पेन्सिल खाली ठेवली. हळूच, घरंगळून पडू नये म्हणून पुस्तकाच्या कडेला लावून ठेवली.

मग म्हणाले, आणि अजिबात न ओरडता म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं ना, तर त्याच डिमरस्टॅटपाशी उभं राहून तुमच्याकडून परत मूठ फिरवून घेतली असती. हाताला आठवलं असतं. दिवा लगेच दिल्लीला पाठवला असता. पाट गच्चीवर होता, चाळीसही जिवंत होत्या. आता पाट नाही, डिमरस्टॅट नाही, आणि तुम्हाला आठवत नाही."

"सर, मी ग्रुपवर लिहिते. सगळ्यांना सांगते, चूक माझी होती. कॉलेजलाही लिहिते."

"लिहा. तुम्हाला बरं वाटेल." आणि परत तो शेजारच्यांचा बल्ब हातात घेतला. "मला त्यातून एक रीडिंगसुद्धा मिळत नाही, साहेब."

मी 'माफ करा' म्हटलं का ते मला आठवत नाही. म्हटलं असेल. काकूंनी पेला माझ्या हातात न देता स्टुलावर ठेवला आणि आत गेल्या. सर बल्बच्या मागे मनगट लावून बसले होते, आणि तो बल्ब बंदच होता. मी बाहेर पडले.

तर ग्रुपवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. तो शोध माझ्या खोटेपणाचा होता, सरांचा नाही. दोन ओळी छापणार असाल तर या छापा. आणि जे मला ओळखत नाहीत आणि तरी इथपर्यंत वाचत आलेत, त्यांना मला खरंच विचारायचंय. तुमच्या बाबतीत असं झालंय का? खरं सांगायची हिंमत यायला इतका वेळ लावलात, की सांगितलंत तेव्हा समोरच्याच्या ते काहीच उपयोगाचं उरलं नव्हतं? झालं असेल तर सांगा. त्यानंतर तुम्ही त्या माणसाकडे परत गेलात का, आणि गेलात तर हातात काय घेऊन गेलात?